अगदी दारापर्यंत या

सोमवारी सकाळी सातला पाच मिनिटं कमी असताना सूनबाई चहात साखर घालत होती, तेवढ्यात स्वयंपाकघरात अंधारून आलं. तिने वर पाहिलं. खिडकीत रोजच्या आकाशाच्या जागी ट्रकचं तोंड होतं. दोन दिवे, मधे जाळी, वर रुंद काच, आणि काचेमागून कडक इस्त्रीच्या शर्टातला एक साहेब तिच्याकडे बघून हात हलवत होता.

"आप्पा!" ती ओरडली. "दारात ट्रक आलाय!"

"वेळेवर आला ना?" आतल्या खोलीतून सासऱ्यांचा तृप्त आवाज आला. "येणारच. पत्ता मी सांगितलाय."

आप्पा छत्तीस वर्षं पोस्टमन होते. पत्ता सांगावा तर आप्पांनीच. डावं-उजवं, वाटेतला तुटका दिवा, हिरव्या दाराची पिठाची गिरणी, तिथून मोजून चाळीस पावलं. त्यांनी सांगितलेल्या पत्त्यावर आंधळासुद्धा पोहोचला असता. त्यांच्या बोळात अकरा घरं होती, मधे एक वळण होतं, आणि शेवटी आप्पांचं घर. तिथे बोळ संपत होता. बोळाच्या तोंडाशी आप्पांनी निवृत्त झाल्यावर स्वतःच्या हाताने खांबावर एक लाल पत्रपेटी उभी केली होती. अकरा घरांचे अकरा कप्पे, दर वर्षी नवा रंग. आप्पांच्या मते बोळ चांगला ऐसपैस होता. आप्पांनी तो जन्मभर सायकलवरून पाहिला होता.

सूनबाईने आठ वर्षं शाळेची व्हॅन चालवली होती. गेल्या महिन्यात दुसऱ्या खेपेला ती ट्रकच्या परीक्षेत पास झाली आणि अवजड वाहनाचा परवाना हातात आला. आता पहिली नोकरी धरायची होती. बाहेरच्याला वाटेल, मिळेल ती धरावी. पण या धंद्यात पहिलं वर्ष माणसाच्या पाठीला चिकटतं. पहिल्याच मालकाने न शिकवता गाडी हातात दिली, एखादी धडक बसली आणि कागदावर तिचं नाव लागलं, की दुसरा मालक दारात उभं करत नाही. हे सूनबाईला चांगलं ठाऊक होतं. म्हणून ती एक सोडून तीन ठिकाणी जाऊन आली होती.

पहिली कंपनी मोठी. काचेचं ऑफिस, गार हवा, जाताना हातात टोपी आणि पाण्याची बाटली. "नव्या माणसाला शिकवतं कोण?" असं तिने विचारलं, तेव्हा साहेब म्हणाले, "फिल्म आहे ना मॅडम! वीस मिनिटांची. फार सुंदर काढलीय."

दुसरीकडे मालकच पुढे आले. "ताई, आमच्याकडे नोकर कुणी नाही, सगळे घरचेच!" किती ड्रायव्हर आहेत म्हटल्यावर जरा आठवून म्हणाले, "होते सात."

तिसरं दुकान म्हणजे चार ट्रक, एक टेबल आणि टेबलामागे एक बाई. त्या बाईंनी हिलाच प्रश्न केला, "आजवर काय काय धडकवलंत?"

सूनबाई गोंधळली, पण खरं ते बोलली. "व्हॅनचा मागचा दिवा. आणि घरचं फाटक. दोनदा."

बाईंनी ते वहीत लिहून घेतलं. "ठीक. काहीच धडकवलं नाही म्हणणाऱ्याला मी घेत नाही. तो एकतर खोटं बोलतो, नाहीतर त्याने गाडी चालवलेली नसते. पहिला महिना आमच्या वस्तादांच्या शेजारी बसायचं. पगार इतरांपेक्षा कमी मिळेल. विचार करा."

सूनबाईचं मन तिसरीकडे ओढत होतं. पण तिचा एक जन्मजात दोष होता: तिला कुणालाही 'नाही' म्हणता येत नसे. शेजारणीने मागितलेली शिडी, शाळेने लादलेली जादा फेरी, कशालाच नाही. तिने तिघांनाही "सोमवारी दहापर्यंत कळवते" असं सांगितलं आणि रविवारभर घरात येरझाऱ्या घातल्या. शेवटी फोन घरी ठेवून ती मोकळ्या मैदानावर फिरायला गेली, आणि नेमके तेव्हाच तिन्ही फोन आले. तिन्ही आप्पांनी घेतले, आणि हे त्यांनी तिला आत्ता, ट्रक दारात उभा राहिल्यावर सांगितलं.

"तीन?" सूनबाईचा चहा ओट्यावर सांडला. "तीन वेगळ्या कंपन्यांचे?"

"वेगळ्या?" आप्पा दारात येऊन थबकले. "मला वाटलं एकच. म्हटलं, काय काटेकोर माणसं आहेत, पत्ता तीन-तीनदा पडताळून घेतात! उद्या येणार ना, म्हणाले. मी म्हटलं, येणार म्हणजे काय, सहापासून तयार असेल! मग म्हणाले, गाडी घेऊन येतो. म्हटलं, अगदी दारापर्यंत या."

"आप्पा, गाडी म्हणजे ट्रक!"

"ते ते बोलले नाहीत," आप्पा म्हणाले. मग आवाज खाली आणून, "आणि मी विचारलं नाही."

बाहेर भोंगा वाजला. दारातल्या मोठ्या कंपनीच्या ट्रकमागे दुसरा ट्रक येऊन टेकला होता. चालवत होते खुद्द 'सगळे घरचेच' म्हणणारे मालक. आणि त्याच्या मागे, वळणाच्या अलीकडे, तिसरा. "पुढे बोळ अरुंद वाटेल, वाटू द्या, घाबरू नका," असंही आप्पांनी तिघांना बजावलं होतं. तिघांनी शब्द पाळला होता.

पाच मिनिटांत बोळ जागा झाला. अकरा घरांची दारं ट्रकांच्या पत्र्यांना घासून अर्धवट उघडली. कुणाला कामाला जायचं होतं, कुणाची सायकल आत अडकली होती. एक आजीबाई खिडकीतून दुसऱ्या ट्रकवर ओला टॉवेल वाळत घालून मोकळ्या झाल्या. म्हणाल्या, "आहेच उभा, तर कामाला येऊ दे."

"मागे घ्या!" सगळे ओरडले.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. ट्रक पुढे नेणं आणि मागे घेणं ही दोन वेगळी कामं आहेत. चालवणाऱ्याला मागचं काहीच दिसत नाही. दिसतात फक्त दोन बाजूंचे आरसे, आणि त्यांत मावेल तेवढंच जग. म्हणून मागे एक माणूस उभा करतात, आणि तोही आरशात दिसेल असा.

मोठ्या कंपनीचा गणवेषातला तरुण ड्रायव्हर खाली उतरून सूनबाईच्या कानाशी लागला. "ताई, मला येऊन सतरा दिवस झालेत. रिव्हर्सची फिल्म अजून दाखवली नाही."

घरचे मालक खिडकीतून म्हणाले, "पुढे म्हणाल तिथे नेतो ताई. मागे जायची वेळच आली नाही कधी! रोजचा ड्रायव्हर... तो आज आला नाही. परवापासून आला नाही."

तिसऱ्या ट्रकमधून वहीवाल्या बाई उतरल्या आणि दुसऱ्या बाजूने वस्ताद. पिकलेल्या मिशा, हळू चाल. सगळ्यात मागे तेच होते, म्हणजे आधी त्यांनाच निघायला हवं होतं. वस्तादांनी बोळ पाहिला, वळण पाहिलं, सूनबाईकडे पाहिलं आणि किल्ली तिच्यापुढे धरली.

"मी?" सूनबाई म्हणाली.

"आज सोमवार, तुझा पहिला दिवस ना? म्हातारेबुवा म्हणाले तसं फोनवर. चढ पोरी. मी मागे उभा राहतो. मी आरशात दिसतोय तोवर यायचं. दिसेनासा झालो की थांबायचं. एवढंच."

सूनबाई चढली. सीट पुढे ओढली, दोन्ही आरसे लावून घेतले. वस्ताद डाव्या आरशात उभे होते, शांत, एक हात वर. ट्रक इंच-इंच मागे सरकू लागला. वळण साधलं. बोळाने श्वास रोखला होता. मग बोळाच्या तोंडाशी तिने चाक जरा जास्त वळवलं, वस्ताद आरशातून गेले, आणि 'आता झालंच की' असं वाटून ती आणखी दोन हात मागे आली.

धाडकन आवाज झाला.

ती उतरली तेव्हा लाल पत्रपेटी रस्त्यावर आडवी पडली होती. पहिला दिवस, पहिला ट्रक, आणि सासऱ्यांची पत्रपेटी! तिने वस्तादांकडे पाहिलं, आता कानउघाडणी होणार म्हणून.

"मी दिसेनासा झालो तेव्हा काय केलंस?" वस्तादांनी विचारलं, जेवलीस का विचारावं तशा आवाजात.

"आणखी दोन हात आले. माझीच चूक."

"आता पुढच्या वेळी?"

"थांबेन."

"मग झालं."

बाईंनी वही काढली आणि वाचून दाखवत लिहिलं, "पत्रपेटी एक. स्वतः कबूल केलं." मग त्या म्हणाल्या, "खांब आमच्याकडून. आमचाच ट्रक होता."

आप्पा पत्रपेटीपाशी उकिडवे बसले होते. एकेक कप्पा उघडून बघत ते म्हणाले, "अकराच्या अकरा शाबूत आहेत. खांब वाकलाय फक्त. त्याचं तसंही वय झालं होतं." आणि सुनेकडे न बघता पुढे, "जा, बाकीचे दोन काढ. लोकांना कामाला जायचंय."

दुसऱ्या ट्रकमागे मालक स्वतः उभे राहिले. त्यांच्या मदतीला सात जण धावले. "डावीकडे!" "अहो उजवीकडे!" "या, या, या!" "थांबा!" "कोण थांबा म्हणालं? येऊ द्या!" आजीबाईंना टॉवेलाची काळजी लागली होती. आरशात कधी एक हात दिसे, कधी पाच.

सूनबाईने इंजिन बंद केलं आणि खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"नाही," ती म्हणाली.

तो शब्द तिच्या तोंडून असा निघाला, की बोळच काय, ती स्वतःही दचकली.

"नाही. सगळे बाजूला व्हा. मालक, तुम्हीसुद्धा. मागे एकच माणूस हवा. वस्ताद, याल का?"

वस्ताद आले. हात वर झाला. आता ते आरशातून सरकले की ट्रक जागच्या जागी थांबे. ते पुन्हा दिसले की निघे. वळणावर ती तीनदा थांबली, तिन्हीदा उगाच नव्हे. ट्रक कुठेही न घासता बाहेर पडला, टॉवेलासकट.

पहिल्या ट्रकपाशी कडक इस्त्रीचे साहेब कागद घेऊन उभे होते. "मॅडम, छोटीशी सही. काही नुकसान झालं तर जबाबदारी तुमची, असं. नियम आहे."

"नाही," सूनबाई म्हणाली. दुसऱ्यांदा ते फारच सोपं गेलं. "सही करणार नाही. बिनसहीचा काढून देते, नाहीतर राहू दे इथेच. आमच्या खिडकीत ऊन यायचं बंद होईल एवढंच."

साहेबांनी मुख्य कार्यालयाला फोन लावला. तिकडून गाणं लागलं. गाणं दोनदा संपून तिसऱ्यांदा सुरू झालं तेव्हा त्यांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. तरुण ड्रायव्हर मात्र वस्तादांच्या शेजारी जाऊन उभा राहिला आणि सगळं डोळे फाडून पाहत राहिला. त्याच्या फिल्ममध्ये हे नसावं.

हा शेवटचा ट्रकही मुख्य रस्त्यावर लागला तेव्हा बोळाने टाळ्या वाजवल्या. घरचे मालक पुढे आले. "ताई, आजच चढा! पहिल्या दिवसापासून गाडी तुमची, शेजारी कुणी नाही, कटकट नाही!"

"आमच्याकडे तर थेट मोठी गाडी देऊ," साहेब म्हणाले. "काय हात आहे मॅडम तुमचा! एक ओरखडा नाही!"

"एक पत्रपेटी आहे," सूनबाई म्हणाली. "ती ज्यांच्यासमोर पाडली, त्यांच्याकडेच जाते मी. तुम्हा दोघांना नाही म्हणते, राग मानू नका." मग ती बाईंकडे वळली. "महिनाभर शेजारी बसेन. चालेल."

बाईंनी मान डोलावली, वहीत काही लिहिलं, पण वही मिटली नाही. त्या आप्पांकडे बघत होत्या.

"म्हातारेबुवा, एक विचारू? आमचे ट्रक माल घेऊन निघतात आणि पत्ता शोधत तासन्‌तास फिरतात. तुम्ही तीन अनोळखी माणसांना फोनवर पत्ता सांगितलात आणि तिघंही वेळेत, न चुकता, एकाच दारात! असा माणूस मी चार वर्षं शोधतेय. आमच्या फोनवर बसाल का?"

छत्तीस वर्षांच्या नोकरीत कुणी आप्पांना असं म्हटलं नव्हतं. त्यांच्या हातातला पत्रपेटीचा कप्पा उघडा तो उघडाच राहिला.

"मला... घरी विचारावं लागेल," ते म्हणाले आणि त्यांनी सुनेकडे पाहिलं.

सूनबाई ट्रकमध्ये वस्तादांच्या शेजारच्या सीटवर चढत होती. "हो म्हणा आप्पा," ती वरून म्हणाली. "पण एका अटीवर. काय ते तुम्हाला माहीत आहे."

दुसऱ्या दिवशी बाईंच्या टेबलाशेजारी आणखी एक टेबल आलं. नऊ वाजता फोन वाजला. आप्पांनी चष्मा सारखा केला, घसा खाकरला आणि फोन उचलला.

"सांगतो, अगदी दारापर्यंतचा सांगतो," ते म्हणाले. "आधी तुम्ही सांगा, येताय सायकलवर की ट्रकने?"