आबांचे एकोणचाळीस फोटो

"मोबाइलवर काय, शेंबडं पोरही फोटो काढते!" असं सुमेध हल्ली हिंदी मुलखातल्या चरोद्याच्या रेल्वे कॉलनीत भेटेल त्याला ऐकवत असे. कॉलेजात रिळावरची फोटोग्राफी शिकायला लागून त्याला जेमतेम तीन आठवडे झाले होते. वाट्याला आलेला कॅमेरा त्याच्या दुप्पट वयाचा. मागचं झाकण काळ्या चिकटपट्टीच्या जिवावर तग धरून! धडधाकट एकच वस्तू, किती फोटो झाले ते दाखवणारी चकती. सुमेधचा सगळा भरवसा नेमका तिच्यावर.

त्याचे आजोबा धोंडबा, म्हणजे घरातले आबा, दम्यानं खंगले होते. भिंतीवर लावायला त्यांना आपला एक धड फोटो हवा होता. आधार कार्डावरचा माणूस आपणच, हे त्यांना कधी पटलंच नाही.

"मोबाइलमधले फोटू मोबाइलसंगंच मरतेत," ते म्हणाले. "तू रिळावरचा काढ. मी गेल्यावर कामी येईल."

रविवारी आबा कोट घालून अंगणात बसले. सुमेध वाकला, गुडघ्यांवर बसला, लोळलासुद्धा!

"आबा, हसा ना!"

"दम लागून राहिला मले, हसू कुठून? अजून किती बे?"

"अडतीस... एकोणचाळीस! छत्तीसच्या रिळात एकोणचाळीस! हात बसला का असं होते, आबा!"

आठव्या दिवशी आबा सकाळचा चहा अर्धा ठेवून गेले. सुमेध ओक्साबोक्शी रडला, पण रडता रडताही आईला म्हणाला, "फोटोचं माह्यावर सोड!" आईनं भिंतीत खिळा ठोकून घेतला आणि आबांच्या श्रद्धांजलीच्या विधीचं सांगायला नागपूरला बेबीआत्याला फोन लावला. "पुण्यानुमोदनाले या. आपल्या सुमेधनं बाबांचे एकोणचाळीस फोटू काढले!"

कॉलेजात रीळ धुतलं. बाहेर आलं ते काचेसारखं स्वच्छ. या टोकापासून त्या टोकापर्यंत आबा नव्हतेच.

तेजराम सरांनी ते उजेडाकडे धरलं. "बेटा, लीवर खींचते समय बाईं तरफ की घुंडी घूम रही थी?"

"घुंडी... घूमती है, सर?"

रीळ सरकलं की ती डावीकडची कळ फिरते; पण रीळ दात्यांत अडकलंच नव्हतं. एकोणचाळीस वेळा नुसती चकती फिरली होती. सरांनी रीळ गुंडाळून त्याच्या हातात ठेवलं. त्यापेक्षा दोन थपडा दिल्या असत्या तर सुमेधला बरं वाटलं असतं.

घरी आई रागावलीही नाही. तिनं फक्त त्या खिळ्याकडे पाहिलं. शेवटी धाकट्या करिष्मानं भीत भीत मोबाइल पुढे केला. "मी त्या दिवशी दादाची गंमत काढून राहिली होती..."

त्यात आबा होते! स्पष्ट, कोटासकट. आणि त्यांच्यापुढे ओणवा झालेला सुमेध. फोटोवाल्यानं कापून कापून सुमेधला घालवला, पण आबांच्या खांद्याला चिकटलेला एक कान काही निघेना. कान कापावा तर आबांचा खांदा जातो!

पुण्यानुमोदनाच्या दिवशी फोटोपुढे मेणबत्ती लावताना बेबीआत्या थबकली.

"बाबा एवढे काहून चिडले वो, वहिनी? अन् हा कान कोनाचा?"

आईनं डोळ्यांना पदर लावला.

"सुमेधचा. फोटू काढून राहिला होता."