पाच खडे आणि दोन विहिणी

आईच्या उजव्या हाताचं प्लास्टर निघून महिना झाला, तरी मूठ काही मिटेना. फिजिओथेरपीच्या बाईंनी दाबायला रबरी चेंडू दिला होता. "मी काय मांजर आहे?" असं म्हणून आईने तो फ्रिजवर ठेवून दिला. डाव्या हाताने घास घेताना मात्र ती आमच्याकडे पाठ करून बसे. ते बघवत नसे.

शेवटी मी ठरवलं, तिचा लहानपणीचा खडे झेलण्याचा खेळ घरी आणायचा. ऑफिसशेजारच्या बांधकामावरून पाच गुळगुळीत खडे निवडले (साहेबांना वाटलं मी कामाची पाहणी करतोय; एवढा मान मला अकरा वर्षांत मिळाला नव्हता) आणि जेवणाच्या रिकाम्या डब्यात घालून घरी नेले.

बायकोने डबा उघडला.

"भातात खडे लागले तर तोंडाने सांगायचं! पुरावे कसले गोळा करता?"

तिची समजूत घालून मी सतरंजीवर बसलो. समोर आई आणि मदतीला म्हणून आलेल्या सासूबाई. "हा वर उडवायचा, तोवर खालचा उचलायचा," असं म्हणत मी खडा उडवला. तो माझ्या टकलावर आपटून दिवाणाखाली गेला. त्याच्या मागोमाग मीही गेलो, आणि कमरेपाशी (बायको म्हणते पोटापाशी) अडकलो.

"अगं, ओढ मला!"

पण बाहेर वेगळंच पेटलं होतं.

"आधी पाचही उडवून पालथ्या हातावर झेलायचे," सासूबाई म्हणाल्या.

"छे! आमच्याकडे थेट एकेक उचलायचा. शेजारचा हलला की डाव गेला," आई म्हणाली.

"आमच्याकडे हललेला चालतो."

"तुमच्याकडे काहीही चालतं, विहीणबाई!"

"मग दाखवा ना तुमचं कसं ते!"

"दाखवते! अहो सूनबाई, पाचवा खडा आणून द्या!" (आई चिडली की सुनेलाही अहो म्हणते.)

बायकोने कुंडीतला खडा आणून दिला. दिवाणाखालून मान वळवली तर मला फक्त सतरंजीची कड दिसत होती. तिथे एक हात आला. सुरकुतलेला, उजवा. एक खडा वर गेला, बोटं वाकली, दुसरा खडा मुठीत शिरला आणि वरचा अलगद येऊन बसला. शेजारचा तसूभरही हलला नाही.

"बघितलंत?" आई ओरडली. आपण कुठल्या हाताने खेळलो ते तिच्या लक्षातही नव्हतं.

सासूबाईंच्या मात्र होतं. "एकदा जमलं म्हणून काय झालं? परत करून दाखवा," त्या म्हणाल्या आणि त्यांनी खडे हळूच आईच्या उजव्या हाताशी सरकवले. आजवर मी त्या माउलीबद्दल जे जे बोललो, ते सगळं मनातल्या मनात मागे घेतलं.

अर्ध्या तासाने दोघींनी पाय धरून मला ओढून काढलं.

"डोळे का लाल रे?" आईने विचारलं.

"धूळ गेली."

आता रोज संध्याकाळी डाव रंगतो. एक दिवस आमच्याकडचे नियम, एक दिवस त्यांच्याकडचे. आई उजव्या हाताने जेवते, आमच्याकडे तोंड करून. परवा फिजिओथेरपीच्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं, माझ्या कपाळावरची तीन टेंगळं तपासली आणि कागदावर लिहिलं: "रुग्णाची प्रगती उत्तम. खेळ चालू ठेवावा. मुलाला खेळात घेऊ नये."