स्वच्छ सहा सेकंद

खोलीची मागची भिंत माझ्याकडे वाकायला लागली, तेव्हा अख्खी वस्ती घराबाहेर पळत होती आणि सोपान दारातून आत येत होता. मी जमिनीवर लसूण सोलत बसले होते. वरून माती गळत होती, पत्रे वाजत होते. माझे गुडघे असे, की एकदा खाली बसले की उठायला कुणाचा तरी हात लागतो. मला वाटलं, देव पावला, माणूस आला. तो उंबऱ्यात थांबला, ओठांवर बोट ठेवलं आणि हळूच म्हणाला, "काकी, हालू नका. रेकॉर्ड चाललंय."

मी म्हणाले, "मेल्या, भिंत चाललीय."

भूकंपात कुजबुजणारा माणूस मी तेवढा एकच पाहिला. पुढे काय झालं ते सांगते, पण आधी हा प्राणी कोण ते कळायला पाहिजे. नाहीतर तुम्हाला वाटेल त्याचं डोकं धक्क्याने फिरलं. ते आधीपासून तसंच होतं.

सोपान माझा शेजारी, नात्याने लांबचा पुतण्या. धरणावर नोकरीला होता. रोज पाण्याची पातळी बघायची आणि लिहायची, एवढंच काम त्याने जन्मभर केलं. निवृत्त झाला तेव्हा बायको जाऊन वर्ष झालं होतं आणि लेक चाकणला सासरी. पहिला महिनाभर तो माझ्या विहिरीची पातळी लिहीत होता. मी म्हणाले, "सोपान, ती माझी विहीर हाय. तिच्यात किती पाणी हाय ते मला म्हाईत हाय." तर म्हणाला, "म्हाईत असनं येगळं, काकी. लिव्हलेलं असनं येगळं."

मग पुण्याहून संशोधनवाले आले. त्यांना जमीन कशी हलते ते टिपणारं यंत्र बसवायचं होतं. रस्त्यापासून लांब आणि खाली कातळ, अशी जागा ते शोधत होते. माझ्या घरामागची दगडमातीची खोली त्यांना आवडली. पूर्वी तिच्यात कांदा असायचा. त्यांनी खाली कातळापर्यंत खणून सिमेंटचा ओटा केला आणि त्यावर बिस्किटाच्या डब्याएवढं यंत्र बोल्टने आवळलं. एकच अट घातली, खोलीत माणसांचा वावर नको. तशी चिठ्ठी लिहून घेतली. खोली माझी, पण सही सोपानची. राखणीला मीच, असं तो माझ्याआधीच बोलून बसला होता.

तेव्हापासून हा माणूस रोज सकाळी सातला आणि संध्याकाळी पाचला हजर. चपला आंब्याखाली काढायचा, मांजरासारखा दारापर्यंत जायचा, यंत्र नीट चालू असल्याचा हिरवा दिवा बघायचा आणि माझ्या पडवीत चहाला बसायचा. यंत्र काय करतं ते त्याने मला शंभरदा सांगितलं. धरण किंवा पूल बांधायचा म्हणजे भूकंपात तिथली जमीन कशी हलेल ते इंजिनिअरला लागतं. त्यासाठी ठिकठिकाणचे रेकॉर्ड गोळा करून मोठा संग्रह करतात. "पर त्यात आपल्याकडचं कायबी न्हाई," तो म्हणायचा. "परक्या मुलखातली हालचाल आपल्या धरणाला लावून बघत्यात. आपली जमीन आपल्यावानी हालनार का न्हाई? आपल्या कातळाचा एक तरी खरा रेकॉर्ड त्यात गेला पायजे."

पण यंत्राला काय कळतं. ते कशानेही जागं होई. मग कशाने झालं ते शोधून वहीत लिहायचं काम सोपानचं. बटाट्याचा ट्रॅक्टर गेला, लिहा. दगडखाणीत सुरुंग उडाला, लिहा. माझ्या म्हशीने भिंतीला अंग घासलं, तर त्याने लिहिलं, "म्हैस, पूर्व बाजूने." बैलगाड्यांच्या धावपट्टीवर, घाटात, शर्यत असली की हा गाड्यांकडे पाठ करून घड्याळ बघत उभा. शेजारच्या बबनच्या घरी लग्न होतं, तर याने डीजेवाल्याला गाठून विचारलं, "भाऊ, आवाज वाढवला तवा किती वाजून किती मिन्टं झाली व्हती?" तो बिचारा म्हणाला, "पावणं, तुमी आदी जेवून घ्या." याने मिनिटं घेतल्याशिवाय पत्रावळीला हात लावला नाही.

ते यंत्र तीन दिशांची हालचाल लिहितं, उत्तर-दक्षिण, पूर्व-पश्चिम आणि वर-खाली. सोपानने माणसंही त्याच मापाने मोजायला घेतली. सरपंचाचं भाषण ऐकून म्हणाला, "वर-खाली लई, पर म्होरं सरकत न्हाई." माझं आणि माझ्या सुनेचं वाजलं, तर वाटीत पोहे घेऊन विचारतो, "काकी, सुरुवात कोणत्या बाजूनं झाली?"

अशा दोन जाड वह्या भरल्या. सगळे हादरे खोटे. बबन त्याला येता-जाता विचारी, "काय सोपानराव, आज म्हैस का टॅक्टर?" सोपान हसायचा नाही. गेल्या खेपेला पुण्याच्या मॅडम सांगून गेल्या होत्या, की इथे नुसता गोंगाट मिळतोय. वर्षभरात खरा रेकॉर्ड आला नाही तर यंत्र दुसऱ्या गावी न्यावं लागेल. त्या दिवशी चहात साखर कमी होती, तरी त्याने तो तसाच पिऊन टाकला. तेव्हाच मी ओळखलं, हे त्याच्या जिव्हारी लागलंय.

आता माझी चूक. ती खोली वस्तीतली सगळ्यात गार जागा. चैत्रात दुपारी पडवीत भाजून निघण्यापेक्षा मी गुपचूप तिथे जाऊन बसायचे. हलायचे नाही, ओट्याला शिवायचे नाही. दिवा हिरवाच राहायचा. सोपान दुपारी येत नाही, म्हणून कळायचं कारण नव्हतं. त्या दिवशी मात्र त्याला पत्र्यावरची यंत्राची तार बघायची होती, म्हणून तो बाहेर शिडी लावत होता, आणि तेवढ्यात जमीन हलली.

तर मी म्हणाले, भिंत चाललीय. त्याने वर पाहिलं. कोपऱ्यातला एक दगड सुटून माझ्या परातीत पडला. मग ज्या ओट्यापाशी सोपान सहा वर्षं अनवाणीसुद्धा गेला नाही, त्याच ओट्यावर त्याने धाडकन पाय दिला, यंत्राचं झाकण लाथेने उडवलं आणि मला पोत्यासारखं उचललं. माझा एक हात त्याच्या नाकावर बसला. अंगणात आलो आणि मागे भिंत बसली. लसूण तिच्याखाली गेला.

वस्तीने लांबून एवढंच पाहिलं, की सोपान आत पळाला; पुढचं धुळीत कुणाला दिसलं नाही. बबन म्हणाला, "यंत्रासाटी जिवावर उदार झाला गडी." सोपानने त्याला खोडून काढलं नाही. मी खोकत होते, म्हणून मीही नाही.

तिसऱ्या दिवशी मॅडम आल्या. आंब्याखाली बसून त्यांनी लॅपटॉपवर रेघ दाखवली. म्हणाल्या, "सोपानकाका, खरा भूकंप आहे. पहिले सहा सेकंद इतके स्वच्छ आहेत. पण पुढे हे काय? कोणी उड्या मारल्या का?"

"मीच व्हतो," सोपान म्हणाला. "घाबरून आत पळालो."

"काय झालं ते नीट कळलं नाही, तर सगळाच रेकॉर्ड बाद करतील हो."

"करू द्या. चूक माजी हाय."

मॅडम खोलीचे फोटो काढायला गेल्या. मी त्याला चुलीपाशी बोलावलं. "सोपान, भूकंपात कुजबुजनारा तू, तू घाबरलास? खरं का सांगत न्हाईस?"

"तुमी आत बसत व्हता हे कळलं तर अट मोडली म्हनून यंत्र उचलतील."

"उचलू देत की."

तो खाली बघत होता. म्हणाला, "मग रोज सकाळी मी कुनाकडं येऊ?"

मला असलं बोलणं जमत नाही. मी म्हणाले, "यंत्र च्या देतंय का तुला? च्या मी देते. यंत्र गेलं तरी सातला यायचं. आता तो घे, गार व्हतोय."

त्याने कप घेतला. नाक अजून सुजलेलं होतं.

मी बाहेर जाऊन मॅडमकडे कागद मागितला. त्यांनी फॉर्म दिला आणि शेऱ्याची जागा दाखवली. मी चौथी शिकले आहे. हळू लिहिते, पण लिहिते. लिहिलं ते असं:

"खोलीत मी होते, सरूबाई. अट मला माहीत होती, मी मोडली. सहाव्या सेकंदापर्यंत कोणी हललं नाही. मग भिंत माझ्यावर येत होती म्हणून सोपान यंत्राच्या ओट्यावर पाय देऊन आत आला. पुढचे धक्के त्याच्या पायांचे आहेत, जाताना दोघांच्या वजनाचे. भिंत त्यानंतर पडली. खोलीत माणसं दोन होती. दोन्ही जिवंत आहेत."