सध्या तरीवाले काकाजी

"काकाजी, जेवण झालं का?" असं विचारलं की आमचे शेजारी काकाजी म्हणायचे, "सध्या तरी झालं." तब्येत कशी आहे? "सध्या तरी बरी हाय." पाया पडायला आलेल्या एका नव्या नवरीला त्यांनी, "सुखी राह्य बाई, सध्या तरी," असा आशीर्वाद दिला, तेव्हा नवरदेवाच्या आत्याबाईंनी त्यांना मांडवाबाहेर काढायचंच बाकी ठेवलं होतं. काकू म्हणायच्या, "लग्नाच्या वेळी भटजीले पण यायनं हेच सांगतलं असन."

दोष त्यांचा नव्हता. काकाजींची उभी नोकरी तहसील कचेरीत गेली आणि कचेरीमागचं पर्जन्यमापक रोज सकाळी बघायचं काम त्यांच्याकडे होतं. त्यातून ते गाव पुसदकडच्या डोंगरात. फाल्गुन-चैत्रात तिथलं हवामान कुणाच्याच बापाचं ऐकत नाही. पहाटे गोधडी सोडवत नाही, दुपारी फरशीवर पाय ठेववत नाही आणि चारच्या सुमाराला डोंगरामागून ढग येतो, तो थेट डोक्यावर आल्यावरच दिसतो. त्यामुळे त्या दोन महिन्यांत काकाजी अंगात स्वेटर, डोक्याला ओला दुपट्टा आणि हातात छत्री अशा थाटात भाजी आणायला निघायचे. मी वणीकडचा, सपाट मुलखातला. मास्तर म्हणून नवाच तिथे आलो होतो. मला ही सगळी गंमत वाटे.

गल्लीतल्या बायका गव्हाच्या चिकाच्या कुरोड्या घालण्याआधी त्यांना विचारायच्या. "घाला. सध्या तरी ऊन हाय." कुरोड्या खाटेवर पडल्या की तासाभरात सरी कोसळायच्या. मग बायका भिजलेला चीक गोळा करत त्यांचा उद्धार करायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्यांनाच विचारायच्या. मी शाळेत त्यांची नक्कल करून दाखवत असे. ती त्यांच्या कानावर गेली, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "आवाज जमला तुम्हाले मास्तर, पण तुम्ही लय लवकर बोलता. म्या बोलाच्या आधी थांबतो."

ती कापसाची वाईट वर्षं होती. भाव वर चढायचं नाव घेत नव्हता. आज ना उद्या चढेल म्हणून लोकांनी कापूस घरातच भरून ठेवला होता. आमच्या घरांना लागूनच बंजाऱ्यांचा तांडा होता, तिथे देवसिंग राहायचा. त्याच्या दोन खोल्यांपैकी एक आढ्यापर्यंत कापसानं भरलेली आणि दुसरीत सगळं घर. कापसाच्या बारीक धुळीनं सगळ्यांचं अंग खाजायचं, पण त्याच्या आईचा, याडीचा, दमा उसळला होता. तिचा खोकला आमच्या ओट्यापर्यंत ऐकू यायचा. डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं की घरातून एक तर कापूस काढा, नाहीतर म्हातारीला. याडी घर सोडायला तयार नव्हती.

एका सकाळी देवसिंग काकाजींकडे आला. "काकाजी, कापसाची बैलबंडी भरू का जी? खरेदी केंद्रावर लाइन लय हाय. दोन दिवस उघड्यावर उभं राहा लागते. ताडपत्री फाटून गेली. पाणी येईन का?"

"सध्या तरी..." काकाजींनी सुरुवात केली.

मी ओट्यावर पेपर वाचत बसलो होतो. मला राहवलं नाही. "काकाजी, इतकी वर्षं पाऊस मोजलात. आज एकदा तरी माणसासारखं हो की नाही ते सांगा. की सरकारनं पगार 'सध्या तरी' म्हणायचाच दिला?"

ओट्यावरचे दोघं-तिघं हसले. काकाजी हसले नाहीत. तांड्याकडून याडीचा खोकला येत होता, तो थांबेपर्यंत ते गप्प उभे राहिले. मग देवसिंगला म्हणाले, "ने. नाही येत पाणी."

दुसऱ्या दिवशी दुपारी गारपीट झाली. देवसिंगच्या पुढे चारच बंड्या उरल्या होत्या. ओला कापूस केंद्रानं घेतला नाही. संध्याकाळी बंडी परत आली तेव्हा काकाजी रस्त्यातच उभे होते. देवसिंग रागावला नाही. "आभाळाचं काय जी, काकाजी," एवढंच बोलला. त्यानं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. शिव्या खरं तर मलाच बसायला हव्या होत्या.

"हा कापूस घरात नेऊ नको," असं सांगून काकाजींनी सगळी बंडी आपल्या गच्चीवर रिकामी करवली. काकूंनी जुनी लुगडी अंथरली. देवसिंग सकाळी येऊन कापूस उलटवून मजुरीला जायचा. नेमके तेव्हाच काकाजी खाली असायचे. पूजा करत असतील, असं मी समजत होतो. तो गेला की ते वर येऊन दिवसभर पुंजका न् पुंजका सुटा करत बसायचे. मी माझ्या गच्चीवरून तीन दिवस नुसता बघत राहिलो. चौथ्या दिवशी त्यांचा जिना चढलो.

"काकाजी, चूक माझी आहे. मी डिवचलं नसतं तर तुम्ही तसं बोलला नसतात."

"तुमच्या डिवचण्यावर जाईन का म्या, मास्तर? ढग येईन असं मले वाटूनच राह्यलं होतं."

"मग 'ने' कायले म्हटलं?" मीही नकळत त्यांच्यासारखं बोललो.

ते हातातला कापूस पिंजू लागले. "म्हातारीचा खोकला ऐकवत नव्हता. थे घर कसंही करून रिकामं व्हावं वाटलं. आभाळ नाही पाह्यलं म्या त्या दिवशी."

"आता कशी आहे याडी?"

"खोकला कमी झाला म्हणते. झोपते." त्यांनी पिवळा पडलेला एक पुंजका बाजूला टाकला. "देवसिंगच्या तोंडाकडं मात्र पाहावत नाही मले. तो वर आला का म्या खाली जाऊन बसतो."

तेव्हा मी देवसिंगला बोलावून खरं काय ते सांगायला हवं होतं, निदान माझी चूक तरी कबूल करायला हवी होती. पण 'आज नको' करत राहिलो. शाळेला सुट्या लागल्या, मी वणीला गेलो आणि काकाजी त्याच उन्हाळ्यात वारले. त्यांच्या तिरडीला पहिला खांदा देवसिंगनं दिला, असं काकूंनी मला नंतर सांगितलं.