दिगंबरकाकांचा लेप

गरमी सोसावी म्हणून धाग्याला पांघरूण घालणारा माणूस तुम्ही कधी पाहिलाय का? आमच्या तारनाक्याला, अगदी शेजारीच, असे एक आहेत. नाव दिगंबर, आणि सारा जन्म गेला लेप चढवण्यात!

दिगंबरकाका सरकारी प्रयोगशाळेत आहेत. त्यांच्याकडे चहाच्या आधी व्याख्यान मिळतं. "बशी पडली की फुटते, हौ ना? तिच्यात केसाहून बारीक धागे घाला. भेग अडते. पण भट्टीत धागा तापला की हवा त्याला खाते. मग काय पाहिजे?"

पाहुण्यानं "लेप!" म्हणायचं. ऑक्साइडचा, पातळ. तोवर चहा नाही.

मी चळवळीच्या पत्रकांवर वाढलेला. आईकडे दुसरी पोळी मागायची तीही घोषणेच्या चालीत. देशाची दारं परदेशी मालाला उघडली आणि वरून हुकूम आला: लेप दिलेला धागा आता बाहेरून मिळतो, काकांचा विभाग बंद. मी पेटलो. लगेच पत्रक काढलं, 'परक्या धाग्यानं देशाचा गळा आवळू देणार नाही!' आणि काकांना दाखवायला नेलं.

काकांनी चष्मा कपाळावर चढवून वाचलं. शेवटची ओळ होती, 'एकमेकांना घट्ट चिकटून राहू, अभेद्य होऊ!'

"येडा की काय रे बाबू? घट्ट चिकटलं की भेग आरपार जाते. लेप जरा सुटा पाहिजे. भेग आली की धाग्यानं थोडं सरकायचं, तुटायचं नाही."

"काका, हा क्रांतीचा प्रश्न आहे!"

"हौ, पण चुकीचं नक्को छापू."

निदर्शनाला मी, माझा एक मित्र आणि सावली बघून थांबलेला रिक्षावाला. विभाग बंद झालाच. काकांना दुसरीकडे नुसतं एक टेबल मिळालं.

महिन्याभरापूर्वी एका संध्याकाळी त्यांच्या खिडकीतून आवाज आला, "पातळ द्यायचा. जाड दिला की वाळताना तडकतो." शिकायला कुणीतरी आलं! मी विजयी मुद्रेनं आत शिरलो. समोर घरमालकांच्या आजी, अम्मम्मा, बसलेल्या. त्यांना मराठी येत नाही, आणि कान तर केव्हाच गेलेत. तरी प्रत्येक वाक्याला त्या मान डोलवून तेलुगूत "अवुनु, अवुनु", म्हणजे हो, हो, म्हणत होत्या.

काका ओशाळले. "सगळी पोरं कॉम्प्युटर शिकायला पळतात रे. हातात आहे ते कुणाला तरी सांगून ठेवावं म्हटलं. या बसतात तरी."

मोडीत निघालेलं धाग्याचं एक रीळ त्यांनी प्रयोगशाळेतून मागून आणलं होतं. मी बाह्या सरसावून बसलो. चिमट्यात धरला तो धागा तुटला. दुसराही तुटला.

"मूठ सोड, बाबू," काका हळूच म्हणाले.

ती काही सुटत नाही. रोज जातो, रोज तोडतो. रीळ संपत आलंय आणि काका रागावतसुद्धा नाहीत, हे जास्त लागतं.

तेव्हा एक करा. तुमच्या ओळखीत हलक्या हाताचं कुणी असेल, मुलगा असो की मुलगी, तर संध्याकाळी काकांकडे पाठवा. मराठी येत नसलं तरी चालेल. ऐकू मात्र यायला हवं.