राकेश म्हणेल तो जंप स्टार्टर

गाडीसाठी जंप स्टार्टर कोणता घ्यावा याचा अभ्यास राकेश गजभिये जानेवारीपासून करत होता. एप्रिल उजाडला, तरी त्याच्याकडे जंप स्टार्टर नव्हता.

सुरुवात झाली ती अमेरिकेतल्या ट्रॉय गावातल्या एका किराणा दुकानाबाहेर. कडाक्याच्या थंडीत त्यांच्या जुन्या व्हॅनची बॅटरी बसली आणि भाजीच्या पिशव्या घेऊन तो आणि त्याची बायको हिमानी कुडकुडत उभे राहिले. शेवटी एका अनोळखी माणसाने आपल्या गाडीतून विटेएवढं एक यंत्र काढलं, त्याचे दोन चिमटे बॅटरीला लावले आणि व्हॅन सुरू करून दिली. हिमानीने त्या माणसाचे आभार मानले. राकेशने यंत्राबद्दल इतके प्रश्न विचारले की शेवटी त्या माणसालाच घाई असल्याचं सांगावं लागलं.

दुसरा कोणी असता तर त्याच संध्याकाळी तसंच यंत्र मागवून मोकळा झाला असता. पण राकेश गाड्यांच्या सॉफ्टवेअरची चाचणी करणारा माणूस. खोक्यावरचा आकडा त्याला आरोपीच्या जबानीसारखा वाटायचा. मोठ्या अक्षरात छापलेले अँपिअर क्षणभरापुरतेच असतात, खरी ताकद वेगळीच असते, चिमटे उलटे लागले तर यंत्राने स्वतःहून नकार द्यायला हवा, हे सगळं तो जेवताना समजावून सांगे आणि हिमानी ऐके. तिला खरं म्हणजे नवऱ्याचं हे आवडायचं. ज्या गोष्टीला तो हात लावी तिच्या मुळाशी जाई. फक्त मुळाशी गेलेल्या माणसाला वर यायला वेळ लागतो, एवढंच.

मंडळातल्या लोकांना या अभ्यासाचा वास लागला. दर वर्षी बाबासाहेबांची जयंती करणारी ही गावातली चाळीसेक घरं. त्यांनी राकेशला एक व्याख्यानच द्यायला लावलं. तो बोललाही छान. मंडळाचे अध्यक्ष पंडितकाका तर इतके भारावले की त्यांनी घरी जाताच राकेशने सुचवलेलं यंत्र मागवलं. त्यांचं पाहून बाकीच्यांनी मागवलं. राकेशने सर्वांना दोन गोष्टी बजावून सांगितल्या होत्या. एक, यंत्रातल्या लिथियम बॅटरीला थंडी सोसत नाही, तेव्हा मे महिना लागेपर्यंत यंत्र गाडीत ठेवू नका, घरात ठेवा. दोन, एका गाडीवरून दुसरी सुरू करायच्या जुन्या जाड केबली आता काढून टाका, नव्या गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्सला त्यांनी धोका होतो. लोकांनी दोन्ही गोष्टी तंतोतंत पाळल्या. राकेशचा स्वतःचा निर्णय मात्र अजून दोन मॉडेलांमध्ये अडकलेला होता.

जयंतीच्या दिवशी थंडी अवचित परत आली. कार्यक्रम मात्र दृष्ट लागावी असा झाला. राकेशची आई गिरजाबाई तीन महिने राहून त्याच दिवशी नागपूरला परतणार होत्या. नगरपालिकेच्या शाळेत आयुष्यभर शिकवलेल्या या बाईंनी मुलांना बाबासाहेबांची गोष्ट अशी सांगितली की इंग्रजीतच उत्तरं देणारी पोरंही खाली मांडी घालून बसली. हॉलमधून थेट विमानतळ गाठायचा म्हणून राकेशने व्हॅन फाटकाच्या तोंडाशी आणून उभी केली. बाहेर पडायचा रस्ता एकच, अरुंद, दोन्ही बाजूंना चर. आईला गार लागू नये म्हणून त्याने सीट गरम करायचं बटण दाबलं, मागचे दिवे लुकलुकत ठेवले, सामानाचं दार उघडलं आणि इंजिन तेवढं बंद केलं. उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवणं त्याला पटत नसे.

मग निरोप सुरू झाला. आपल्याकडचा निरोप म्हणजे निघाल्यावर खरा रंगतो. एकेक कुटुंब खिडकीशी येई, गिरजाबाई काच खाली घेत, जय भीम होई, नागपुरातल्या कुणाची तरी चौकशी होई, काच वर जाई आणि पुढचं कुटुंब येई. शेवटी राकेशने गाडी सुरू करायचं बटण दाबलं तेव्हा व्हॅनने एक बारीक कुरकुर केली आणि ती गप्प झाली.

मागे सगळ्या गाड्या रांगेत उभ्या होत्या. गिअर पार्कमध्ये अडकला होता आणि करंटशिवाय तो हलेना, म्हणजे ढकलायचीही सोय नाही. पंडितकाका लगबगीने पुढे आले. काळजी करू नकोस, म्हणाले, आपल्या सगळ्यांकडे यंत्र आहे. आणि बोलता बोलताच त्यांचा चेहरा पडला.

"कुठंय, काका?" राकेशने विचारलं.

"घरी," पंडितकाका म्हणाले. "दिवाणखान्यात. तू म्हणाला होतास ना."

मागच्या गाडीचं उत्तर तेच. त्याच्या मागच्याचंही तेच. केबली कुणाकडेच नव्हत्या, त्या राकेशच्याच सांगण्यावरून निघाल्या होत्या. मदतसेवेला केलेल्या फोनवरून कळलं की थंडीमुळे खूप गाड्या बंद पडल्या आहेत, दोन तास तरी लागतील. कुणी सुचवलं, आजींना टॅक्सी करून द्या, फाटकाबाहेर येऊन उभी राहील. गिरजाबाईंनी मान हलवली.

"एवढ्या घरांची वाट अडवून मी विमानात जाऊन बसू? गाडी निघाली की निघू."

राकेश बॉनेट उघडून बॅटरीकडे पाहत राहिला. कुणी त्याला दोष दिला नाही आणि तेच त्याला जास्त लागलं असावं. हिमानी जवळ जाऊन उभी राहिली.

तेवढ्यात गिरजाबाई गाडीतून उतरल्या. त्यांनी खांद्यावरची पर्स उघडली, शालीत गुंडाळलेली एक वस्तू काढली आणि मुलापुढे धरली. लालभडक, विटेएवढी.

"हे चालते का पाहा बरं," त्या म्हणाल्या. "सिद्धेशसाठी घेऊन चालली होती."

सिद्धेश म्हणजे राकेशचा नागपूरचा धाकटा भाऊ. भारतातून शिकायला आलेली ओळखीची मुलगी आसावरी शनिवार-रविवार राकेशकडे असायची, तिला घेऊन गिरजाबाई दुकानात गेल्या होत्या आणि पाच मिनिटांत हे घेऊन आल्या होत्या.

"आई, तू मला सांगितलं नाहीस?"

"तू निवडून राहिला होतास ना, बाबू. म्हटलं, मध्ये बोलू नये. आणि लिथियम विमानात हातातल्या पिशवीतच न्यायचं असते, हे तूच त्या व्याख्यानात सर्वांना सांगितलं."

राकेशने चिमटे लावले. यंत्राचा दिवा लुकलुकला आणि विझला. लोकांमधून एक उसासा निघाला. लाल रंगाचा काय भरवसा, असं कुणीतरी पुटपुटलंही. पण राकेश हसला. त्या दिवशी पहिल्यांदाच. तो शांतपणे म्हणाला, बॅटरी इतकी रिकामी झाली आहे की यंत्राला ती दिसतच नाही. मग त्याने सीट, दिवे, सगळं बंद करायला लावलं, चिमटे पुन्हा एकदा प्लस-मायनस बघून घट्ट बसवले, यंत्राला तरीही करंट सोडायला लावणारं एक लहानसं बटण दाबून धरलं आणि हिमानीला खूण केली. तिने गाडी सुरू केली. व्हॅन एकदा खोकली आणि गुरगुरायला लागली.

टाळ्या झाल्या. हिमानी स्टिअरिंगमागून दोघांकडे बघत होती. एकीने न वाचता विकत घेतलं होतं आणि एकाने विकत न घेता सगळं वाचलं होतं. दोघांपैकी एकजण जरी नसता तरी चाळीस घरं तिथेच गारठली असती. एका घरात अशी दोन माणसं मिळाली याचं तिला भारी कौतुक वाटलं.

गिरजाबाईंनी यंत्र मुलाच्या हातून काढून घेतलं, पुन्हा शालीत गुंडाळलं आणि पर्सची चेन ओढली. "हे सिद्धेशचं आहे. तुझं तू निवड."

विमान मिळालं. परत येताना राकेशने व्हॅन, आईने यंत्र घेतलं होतं त्याच दुकानाकडे वळवली. आत शिरले तर जंप स्टार्टरची फळी जवळजवळ रिकामी, आणि शेवटचं लाल खोकं छातीशी धरून पंडितकाका उभे. राकेशला पाहून ते चोरी पकडल्यासारखे ओशाळले. मंडळातले बरेच जण येऊन गेले, असं त्यांनी सांगितलं, आणि खोकं पुढे केलं. "तू घे. माझ्याकडे तू सांगितलेलं आहेच."

राकेशने खोकं घेतलं. त्याने ते उलटून पाहिलं नाही, छोट्या अक्षरातला मजकूर वाचला नाही, सरळ काउंटरवर गेला. हिमानीला भरून आलं. माणूस एका दिवसात इतका बदलू शकतो, असं तिच्या मनात आलं.

तो पावती वाचत परत आला.

"तीस दिवसांत परत करता येतं," तो म्हणाला. "तेवढ्यात नीट बघून घेतो."