चार हातांची टाळी

शाळिग्राम ओळखावा तर या हैबतीनंच! पोलादपूरपासून महाडपर्यंत एक कीर्तन चुकवलं नाही मी. टाळी जरा मागेपुढे पडते, पण भाव बघावा की! तर एकतीस सालच्या चैत्रात आभाळातून एक जळता दगड कापडे गावातल्या माझ्या शेतात पडला. काळा, गुळगुळीत! निवल्यावर मी तो देव्हाऱ्यात ठेवला, धुतला आणि तीर्थ घेतलं. चांगलं पेलाभर!

घोट पोटात गेला नि मी हिरवागार! कोवळ्या भातरोपासारखा! काखेतून आणखी दोन हात फुटले, कपाळावर गोगलगाईची शिंगं आली. बायकोला हाक मारायला गेलो, तर तोंडातून नुसती शीळ!

राही किंचाळत अंगणात पळाली. शेजारचा कुशाबा कुऱ्हाड घेऊन आला, माझे हात मोजले आणि माझ्या पायांवर आडवाच झाला.

"चार हाईत गो वयनी! देव हाय ह्यो!"

"मग आमचं माणूस कुठं गेलं?"

"वैकुंठाला नेलान असंल."

"माला न इचारता?"

तासाभरात मी देवळाच्या ओट्यावर! गळ्यात चाफ्याचे हार, पुढ्यात नारळांचा ढीग. समोर राही हात जोडून रडत होती.

"देवा, आमचं माणूस परत दे. तसं बिनकामाचं हाय, पन माझं हाय."

मलाच मागत होती, माझ्याकडेच! मी चारही हातांनी छाती बडवली, 'मी! मीच तो!'

"देवाला भूक लागली," कुशाबा म्हणाला आणि आणखी एक नारळ फोडला.

दिवस कलला, तसे महाडचे बुवा माझ्याच सन्मानार्थ कीर्तनाला उभे राहिले. विठ्ठलनामाचा गजर सुरू झाला. आता माझे हात कुठले राहतात! एक जोडी मृदंगाच्या आधी वाजली, दुसरी नंतर. मृदंगवाला थांबला. बुवांचा पाय उचललेलाच राहिला.

राही ताडकन उठली.

"कसला देव नि कसलं काय! ह्ये आमचंच माणूस हाय! वीस वर्सं अशीच माझी मान खाली घातलीन!"

शिंग धरून तिनं मला घरी नेलं. भाकरी वाढली, डोळे पुसले आणि म्हणाली, "आधी चारी हात धुवा."

रंग अजून तसाच आहे. कीर्तनही मी चुकवत नाही. फक्त राही आता बायकांची रांग सोडून माझ्याशेजारी बसते आणि माझे दोन हात घट्ट धरते. उरलेल्या दोहोंवर कुशाबा बसतो!